सोन्याचा मुलामा आणि नायगावची चाळ

महाराष्ट्रात नायगावे पुष्कळ आहेत. सातारा जिल्ह्यातले नायगाव सावित्रीबाई फुल्यांच्या जन्माने पावन झालेले. वसईच्या अलीकडचे नायगाव पश्चिम रेल्वेच्या प्रवाशांना स्टेशन म्हणून ठाऊक. मी सांगणार आहे ते नायगाव या दोन्हींहून वेगळे. त्याला लोकल गाडीचे स्वतःचे स्टेशन नाही. दादरला पूर्वेकडे उतरावे आणि परळ-वडाळ्याच्या रोखाने चालू लागावे. दहा-पंधरा मिनिटांत पोलिसांचे विस्तीर्ण मैदान दिसते, आणि एकाच साच्यातून काढलेल्या, रंग उडालेल्या, चार मजली चाळींची रांग लागते. हेच मुंबईचे नायगाव.

दिवाळी अंकातले प्रवासवर्णन म्हटले की वाचकांना काश्मीर, कन्याकुमारी, निदान महाबळेश्वर तरी हवे असते. नायगावला जायला ना बिछाना बांधावा लागत, ना रजा काढावी लागत. पण एक सांगतो, या नायगावातून सरळ अमेरिकेला वाट जाते. आजच्या अमेरिकेला नव्हे. दीडशे वर्षांपूर्वीच्या, लक्षाधीशांच्या आणि लाचखाऊंच्या अमेरिकेला.

माझे आजोळ नायगावचे. लहानपणी मे महिन्याची सुटी लागली की गिरगावातून आमची वरात बी.डी.डी. चाळीत जाऊन पडे. खोली एकशेसाठ चौरस फुटांची. तीच बैठक, तेच स्वयंपाकघर, तेच देवघर, आणि रात्री मोरीच्या कठड्यापासून दारापर्यंत तेच शेजघर. प्रत्येक मजल्यावर मधोमध लांबलचक बोळ, दोन्ही अंगांना मिळून वीस बिऱ्हाडे. चाळीला चार मजले, म्हणजे ऐंशी बिऱ्हाडे. अशा बेचाळीस चाळी एकट्या नायगावात. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की बोळात चपलांचा सडा वाजे आणि आजोबा डबा घेऊन साचेखात्यात रुजू व्हायला निघत.

आजोबा कोकणातून कोवळ्या वयात मुंबईत आले. नोकरी कशी लागली ते ते मोठ्या चवीने सांगत. गिरणीच्या दाराशी पहाटे उभे राहायचे, मुकादमाने बोट दाखवले तर आत जायचे, नाहीतर घरी. बोट दाखवण्याचा मोबदला म्हणजे दस्तुरी. पहिल्या पगारातला मोठा वाटा मुकादमाचा, पुढेही सणासुदीला काहीबाही पोचवायचे. मुकादमाच्या ओळखीच्या खाणावळीत जेवायचे, त्याच्याच माणसाकडून व्याजाने पैसे उचलायचे.

मी एकदा विचारले, "आजोबा, तुम्ही तक्रार का नाही केलीत?"

आजोबा हसले. "कोणाकडे करू रे बाळा? कामाला लावणारा तोच, काढणारा तोच, आणि तक्रार ऐकणाराही तोच!"

पुढे अमेरिकेचा इतिहास वाचताना हे वाक्य मला वारंवार आठवले. १८७३ साली मार्क ट्वेन आणि चार्ल्स डडली वॉर्नर या दोघांनी मिळून एक कादंबरी लिहिली. तिच्या नावाचा मराठीत अर्थ करायचा तर 'मुलाम्याचे युग'. सुवर्णयुग नव्हे, आत लोखंड, वर सोन्याचे पाणी. यादवी युद्ध संपलेले, आगगाड्यांचे रूळ एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत पोचलेले, तेल, पोलाद आणि शेअरबाजार यांतून अचाट संपत्ती उभी राहिलेली. आणि त्या संपत्तीच्या जोडीला राजकारणातली लाच. रेल्वे बांधणाऱ्या कंपनीचे शेअर प्रतिनिधिगृहातल्या सभासदांना स्वस्तात वाटल्याचे प्रकरण १८७२ साली उघडकीस आले. न्यूयॉर्क शहर तर ट्वीड नावाच्या पुढाऱ्याने खिशात घातले होते. एका न्यायालयाच्या इमारतीच्या बांधकामात त्याच्या टोळक्याने लाखो डॉलर गिळले. १८७१ साली वर्तमानपत्रांनी आणि एका व्यंगचित्रकाराने त्याचे पितळ उघडे पाडले.

या ट्वीडचे बळ होते मोहल्ल्यामोहल्ल्यांत पेरलेल्या दादांमध्ये. बोटीतून उतरलेल्या गरीब आयरिश माणसाला दादा नोकरी देई, कोळसा देई, मयतीला पैसे देई. आणि निवडणुकीच्या दिवशी मत घेई. आमच्या गिरणीतला मुकादम तो हाच. फरक एवढाच की अमेरिकेतल्या कामकऱ्यापाशी विकायला मत तरी होते. मुंबईच्या कामकऱ्यापाशी तेही नव्हते. १८७२ च्या कायद्याने मुंबई नगरपालिकेत निवडून आलेले सभासद प्रथमच बसू लागले, पण मत कोणाला? वर्षाला पन्नास रुपये कर भरणाऱ्याला! गिरणीतला माणूस मत देऊन नोकरी मिळवू शकत नव्हता. म्हणून त्याने ती पगार देऊन मिळवली.

कोणी म्हणेल, कुठे न्यूयॉर्क आणि कुठे नायगाव. ओढूनताणून कशाला जुळवता? पण जुळवण्याचे काम मी केलेले नाही. ते कापसाने केले आहे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली. दक्षिणेकडच्या बंदरांची कोंडी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. त्यांनी तोंड वळवले मुंबईकडे. कापसाचे भाव असे चढले की लोकांनी गाद्या-उशा उसवून आतला कापूस बाजारात नेला, असे सांगतात. चार वर्षांत या शहरात जो जादा पैसा आला तो जाणकारांनी सात-आठ कोटी पौंडांच्या घरात मोजला. पैसा आला म्हणजे बुद्धी जाते. रोज नवी बँक, रोज नवी कंपनी. समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांचे शेअर मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकले जाऊ लागले. त्या खेळाचे राजे होते प्रेमचंद रायचंद. त्यांच्या चिठ्ठीवर बँका कर्जे देत. 'बँक ऑफ बॉम्बे' म्हणजे सरकारी भांडवलाची आणि सरकारने नेमलेले संचालक असलेली बँक. पण तिनेही शेअर गहाण ठेवून खिरापत वाटली.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या सैन्याने शस्त्रे खाली ठेवली, आणि इकडे मुंबईत कापूस आपटला. १ जुलै १८६५ हा सौद्यांच्या हिशेबाचा दिवस; त्या दिवशी पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. बँक ऑफ बॉम्बेही पुढे गुंडाळावी लागली आणि तिची चौकशी झाली. प्रेमचंद स्वतःही बुडाले. पण त्यांनी चांगल्या दिवसांत विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला, आणि आईचे नाव कायमचे घड्याळावर लागले. याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही. अमेरिकेत पोलादाचे धनी अँड्रू कार्नेगी यांनी गावोगावी ग्रंथालये बांधली, आणि त्यांच्याच होमस्टेडच्या कारखान्यात १८९२ साली संपकऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. धनिकांचे दान खरे असते; त्या दानामागचा घामही खरा असतो. टॉवरवर मात्र एकाचेच नाव मावते.

आता लाचेची गोष्ट. आपण सारे दिवाळीच्या बाजाराला जातो ते क्रॉफर्ड मार्केट. हे आर्थर क्रॉफर्ड १८६५ पासून मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर. माणूस कर्तबगार, गटारे, रस्ते, बाजार यांचा धडाका लावला. खर्चाला मात्र हात आखडणे ठाऊक नव्हते. पालिका कर्जात रुतली आणि १८७१ साली करदाते खवळून उठले. योगायोग पाहा, त्याच साली न्यूयॉर्कमध्ये ट्वीड पडला. क्रॉफर्डवर तेव्हा लाचेचा आळ नव्हता, उधळेपणाचा होता. आळ पुढे आला, ते पुण्याला मध्य विभागाचे कमिशनर असताना. मामलेदारांच्या नेमणुका आणि बदल्या यांसाठी मध्यस्थामार्फत पैसे घेतल्याचे प्रकरण १८८८ साली बाहेर पडले. चौकशी आयोग बसला. लाच सिद्ध झाली नाही, पण हाताखालच्या मुलखातल्या लोकांकडून कर्जे काढल्याचे सिद्ध झाले आणि क्रॉफर्ड नोकरीतून गेले. खरी गंमत पुढे. ज्या मामलेदारांनी अभय मिळाल्यावर 'होय, आम्ही पैसे दिले' अशी साक्ष दिली, त्यांच्यावरच संकट कोसळले. साहेब विलायतेला आणि साक्षीदार वाऱ्यावर! लोकमान्य टिळकांनी त्यांची बाजू हिरिरीने घेतली आणि १८८९ साली पुण्यात सभा भरवली. पण लाच देणारा मामलेदार ते पैसे कोठून आणत असे? गावच्या पाटील-कुलकर्ण्यांकडून. आणि ते? कुणब्याच्या खळ्यावरून.

हा शेवटचा प्रश्न त्या काळी परखडपणे ज्यांनी विचारला ते जोतिराव फुले. त्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ च्या सुमाराचा. त्याच्या आधी दहा वर्षे, १८७३ मध्ये, त्यांनी 'गुलामगिरी' लिहिले आणि ते गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले. साल पुन्हा पाहा: मुलाम्याची कादंबरी तिकडे निघाली तेच. ज्या युद्धाच्या बातम्या वाचून मुंबईचा व्यापारी कापसाचा भाव पाहत होता, त्याच युद्धात पुण्याचा हा माणूस माणसाची सुटका पाहत होता. आज त्या बाजाराचे अधिकृत नाव महात्मा जोतिबा फुले मंडई आहे. आपल्या जिभेवर अजून क्रॉफर्डच आहे, ते राहू द्या. पण नाव बदलण्यात एवढा मोठा न्याय झाल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

कापसाचा फुगा फुटला तरी कापूस राहिला. १८५४ साली कावसजी दावरांनी ताडदेवच्या गिरणीची कंपनी काढली होती. शतक संपताना मुंबईत ऐंशीच्या घरात गिरण्या झाल्या. त्या चालवणाऱ्या पेढ्यांची मेहनतान्याची रीत मजेदार होती. निघालेल्या सुतावर दर रतली पाव आणा दलाली. गिरणीला नफा होवो वा तोटा, पाव आणा ठरलेला. म्हणजे भागीदार बुडाला तरी पेढी तरली. ही लाच नव्हे, रीतसर करार. पण गिरणीच्या मालाची भरभराट एका खिशात आणि तिची मंदी दुसऱ्याच्या पाठीवर, ही युक्ती वरपासून खालपर्यंत तीच. वरच्या पेढीला पाव आणा, खालच्या मुकादमाला दस्तुरी, आणि या दोहोंच्या मध्ये कामकरी. त्याचा पगार महिना उलटून कित्येक दिवसांनी हाती पडे, तोवर वाणी आणि पठाण पोसायचे.

याविरुद्ध पहिला आवाज उठला तो नायगावच्या शेजारीच. परळच्या सुपारीबागेत सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली. लोखंडे हे जोतिरावांचे अनुयायी, 'दीनबंधु'चे संपादक. साडेपाच हजार कामगारांनी अर्जावर नावे घातली. मागण्या काय होत्या? आठवड्याला एक दिवस सुटी. दुपारी अर्धा तास विसावा. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत वेतन. आज वाचताना हसू यावे इतक्या साध्या! सहा वर्षे झगडल्यावर १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळाली. आपण रविवारी सकाळी चहाचा दुसरा कप घेऊन अंक चाळतो, त्या निवांतपणाचे देणे सुपारीबागेचे आहे.

जानेवारी १८९६ मध्ये खुद्द मार्क ट्वेनच मुंबईत आला. वॉटसन हॉटेलात उतरला, मलबार हिलवर हिंडला, लग्नाचा थाटमाट पाहिला. परंतु थोर लेखकाची नजर दिव्यांच्या रोषणाईवर थांबत नाही. रात्री गाडीतून जाताना रस्त्यावर डोक्यावरून पांघरूण घेऊन ओळीने निजलेली शेकडो माणसे त्याला दिसली, आणि ती प्रेतांसारखी वाटली. त्याचे प्रवासाचे पुस्तक १८९७ साली निघाले तोवर ती उपमा खरी ठरली होती. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीला प्लेग निघाला. माणसे शहर सोडून पळाली, गिरण्या ओस पडल्या. फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगग्रस्तांची सेवा करता करता लोखंडे स्वतःच त्याला बळी पडले.

प्लेगने एक गोष्ट केली. कामकऱ्याच्या खोलीत हवा नसली तर तोच रोग उद्या बंगल्यात येतो, हे धनिकांना कळले. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत विकास खाते. इंग्रजी आद्याक्षरांचे 'बी.डी.डी.' ते हेच. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सुटला. पैसा कोठून? शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया जकात बसवून. कापसानेच माणूस कोंडला होता, कापसानेच त्याला घर द्यायचे ठरले. प्रत्यक्षात साडेसोळा हजारांच्या आसपास खोल्या झाल्या: वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून. भाडे गिरणी कामगाराला झेपेना, म्हणून पहिली काही वर्षे त्यांतल्या पुष्कळ खोल्या रिकाम्या होत्या!

या खात्याच्या डाव्या हातात चाळी होत्या आणि उजव्या हातात बॅकबेचा समुद्र. १८६५ साली जिथे शेअरवाले बुडाले, तिथेच आता सरकार भर घालू लागले. धक्क्याची भिंत इतकी सच्छिद्र की आत टाकलेला गाळ पुन्हा समुद्रात वाहून जाई. कोट्यवधी रुपये पाण्यात गेले. खुर्शेदजी नरीमन यांनी त्यावर रान उठवले, तेव्हा खात्यातल्या हार्वे नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९२६ साली त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद केली. नरीमन सहीसलामत सुटले. नरीमन पॉइंट हे नाव आपण त्यांच्याच आठवणीने घेतो. लाचेविरुद्ध लढलेल्या माणसाचे नाव मुंबईच्या अतिशय महाग जमिनीला मिळाले, हा नियतीचा विनोद.

येथे एक खरी गोष्ट सांगितली पाहिजे. चाळ म्हणजे सारे भाऊभाऊ, असे चित्र रंगवायचा मोह आजोळच्या प्रेमापोटी मलाही होतो. पण आजोबा साचेखात्यात होते, आणि साचेखात्यात चार पैसे जास्त मिळत. तिथे अस्पृश्य कामगाराला शिरकाव नव्हता. कारण काय, तर धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि विटाळ होई. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न धसास लावला. चाळींच्या वस्तीतही जातीजातीच्या रेषा होत्या. मुलाम्याखालचे लोखंड असे तळापर्यंत गेलेले होते. मालकावर बोट ठेवणाऱ्याने आपल्या खात्याकडेही एकदा पाहावे.

मुकादमाची सद्दी एकाएकी संपली नाही. १९३१ साली रॉयल कमिशनने त्याच्यावर ठपका ठेवला, मग कायदे आले, युनियन आल्या. त्याहून मोठी गोष्ट घडली १९४८ साली. मुंबई महापालिकेची निवडणूक प्रौढ मतदानाने झाली. पन्नास रुपये कर भरणाऱ्याच्या मताइतकेच वजन एकशेसाठ चौरस फुटांच्या खोलीतल्या मताला आले. आणि मग, खरे सांगायचे तर, न्यूयॉर्कचा तो जुना दादाही मतामागोमाग इथे दाखल झाला. नळ, दाखला, नोकरी, मयतीची गाडी यांच्या बदल्यात मत मागणारी माणसे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिली आहेत. तरीही मी म्हणेन, मत नसण्यापेक्षा हे बरे. मत विकता येते तसे राखताही येते. दस्तुरी फक्त द्यावी लागते.

आज नायगावात भोंगा होत नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांची धडधड एकेक करून थांबत गेली. स्प्रिंग मिलच्या जागेवर आकाशाला भिडणाऱ्या इमारती आहेत. मान वर करून मजले मोजायला लागलात तर टोपी पडेल. बी.डी.डी. चाळींचाही पुनर्विकास म्हाडाने हाती घेतला. एकशेसाठ फुटांच्या बदल्यात पाचशे फुटांचे घर, स्वतःच्या मालकीचे. शंभर वर्षे मजल्याच्या कोपऱ्यातल्या सामाईक संडासापुढे रांग लावणाऱ्या बाईला हे घर फुकट मिळते असे कोणी म्हणाले, तर मला राग येतो. हिशेब करायचाच तर पुरा करा. पाव आण्याचा, दस्तुरीचा, थकवलेल्या पगाराचा, बुडवलेल्या समुद्राचा सारा खर्च शेवटी ज्याच्या नावावर पडला, त्याच्या नातवंडांना हे घर मिळते आहे. हा उपकार नव्हे, जुन्या देण्यातला एक हप्ता आहे.

म्हणून वाचकहो, या दिवाळीत मुलांना घेऊन एखाद्या रविवारी नायगावला जा, रविवारच योग्य. दादरहून पायी निघा. राजाबाईंचे नाव टॉवरला आहे, जेरबाई वाडियांचे रस्त्याला आहे, आणि ते असावे. चाळींना मात्र नावे नाहीत, नुसते आकडे आहेत. जी चाळ अजून उभी असेल तिच्या बोळात उभे राहून एका मजल्यावरची दारे मुलांना मोजायला सांगा. मोजून झाली की त्यांना सांगा, मुंबईच्या सोन्याचा हिशेब इथून सुरू होतो.